ज्ञानूची हरकत

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी चुका पुष्कळ केल्या, पण त्या कागदावरच राहिल्या. दोनच गावभर ओरडल्या गेल्या, त्याही अकरा-अकरा ठिकाणी. त्यातली मोठी ही: ज्ञानूला कायदेशीर पालक नेमायचा की नाही याची चौकशी लागली होती, आणि त्या चौकशीची दवंडी मी ज्ञानूलाच द्यायला लावली.

तुम्ही म्हणाल, या ग्रामसेवकाचं डोकं ठिकाणावर होतं का? होतं. पण डोकं सवयीनं चालतं, आणि दवंडी म्हटली की ज्ञानू, ही माझी सात वर्षांची सवय.

आधी मी वेल्ह्यात होतो. तिथं नऊ वर्षं काढल्यावर वाटायचं, याहून आडगाव देवानं केलेलं नसेल. मग उंबरमाळला बदली झाली. हिर्डोशीच्या पुढं, वरंध्याच्या घाटाच्या अंगाला. दिवसातून दोन एस.टी., त्यातली एक येईलच असं नाही. मोबाईलला रेंज म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या तिसऱ्या पायरीवर, आंब्याकडं तोंड करून उभं राहिलं की एक काडी येते. बाकी गाव एकशे अठरा उंबऱ्यांचं, डोंगराच्या पोटाशी चहूकडं विखुरलेलं. मग लसीकरण असो की ग्रामसभा, लोकांना कळवायचं कसं? ज्ञानूला बोलवायचं.

ज्ञानूचं वय चव्वेचाळीस. डॉक्टरच्या दाखल्यावर ‘बौद्धिक अक्षमता, मध्यम’ असं लिहिलंय. गाव ‘भोळा’ म्हणतं. त्याला अक्षर येत नाही, घड्याळ कळत नाही, आणि सुटे मोजायला दिले तर तो ते रंगावारी लावतो. पण मजकूर एकदा वाचून दाखवला की काना-मात्रा न सोडता त्याच्या डोक्यात बसतो. मग आईची पितळी परात काखेत घ्यायची, लाकडी पळी हातात, आणि अकरा ठरलेल्या जागांवर उभं राहून खणखणीत आवाजात तो सोडून द्यायचा. आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरच्या म्हशीसुद्धा माना वर करतात.

अडचण एवढीच की काना-मात्रा न सोडता म्हणजे काहीच न सोडता. तीन वर्षांपूर्वी मी त्याला पायरीवर उभं राहून मजकूर सांगत होतो आणि मध्येच फोन आला. झालं! ज्ञानू गावात गेला आणि ओरडला, “आयका हो आयका! उद्या सकाळी नऊ वाजता शाळेत लसीकरण आहे, लहान मुलांना, थांब रे, हॅलो, हां साहेब, पाठवतो साहेब, आजच पाठवतो, ठेवला वाटतं, काय डोकं खातो हा माणूस, हां, तर लहान मुलांना घेऊन यावे!” त्या दिवशी आमचे बीडीओ साहेब गावात घरकुलं बघत फिरत होते. त्यांनी ते पाच ठिकाणी ऐकलं. सहाव्या ठिकाणी मुद्दाम थांबून ऐकलं.

मला नोटीस निघाली. मी संध्याकाळी ज्ञानूवर असा खेकसलो की आंब्यावरचे कावळे उडाले. काय बोललो ते मी दुसऱ्या दिवशी विसरलो. रागाचं असंच असतं, ज्याचा असतो तो विसरतो.

ज्ञानूची आई अंबूबाई गेल्या माघात वारली. थोरली बहीण बनाबाई शिवऱ्याला दिलेली, हायवेवर तिचं नि नवऱ्याचं चहा-वडापावचं हॉटेल आहे. तेराव्यानंतर ती ज्ञानूला आठ दिवस घेऊन गेली, आणि नवव्या दिवशी त्यानं तिथून यायचा असा धोशा लावला की परत आणून सोडलं. इथं त्याचं बरं चाललं होतं. भात स्वतः शिजवायचा, भाकरी शेजारची जाईबाई द्यायची, नाचणीच्या रानात कुणालाही हात लागला तर हा पुढं.

मग भाद्रपदात तो तापानं पडला. दोन दिवस दार लोटलेलं. गावाला वाटलं बहिणीकडं गेला असेल, आणि बहिणीला वाटलं गावात मजेत असेल. तिसऱ्या दिवशी जाईबाईची कोंबडी त्याच्या घरात शिरली, तिच्यामागं जाईबाई शिरली, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडलेला सापडला. अंग तव्यासारखं तापलेलं. टेम्पोत घालून भोरला नेला म्हणून वाचला.

बनाबाई माझ्या टेबलापुढं येऊन रडली. “भाऊसायेब, ह्याचा आवाज डोंगरापल्याड जातो, आन् मरायला टेकला तरी त्वांडातून हूं न्हाई की चूं न्हाई. मला ह्याला शिवऱ्याला न्यायचंय. ह्यो न्हाई म्हनतोय. कायद्यानं मला ह्याची पालक करा, म्हंजी नेता यील.”

मला ते पटलं. अर्ज मीच भरून दिला आणि जिल्ह्याच्या समितीकडं पाठवला. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. गावात एकटा राहणारा भोळा माणूस म्हणजे ग्रामसेवकाच्या डोक्यावर टांगलेला दगड. दोन महिन्यांनी उत्तर आलं, चौकशीला मॅडम येतील, तत्पूर्वी गावात दवंडी देऊन हरकती मागवाव्यात.

ज्ञानू बोलावल्यावर आला, परात काखेत. मी कागद वाचायला लागलो आणि पहिल्या ओळीला माझ्या लक्षात आलं मी काय करतोय. पण मजकुरात नाव होतं ‘सोपान गणपत’. ज्ञानूचं पाळण्यातलं नाव ज्ञानू, आणि शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलं सोपान. संतांची भावंडं, गुरुजींनी एक उचलला तो नेमका दुसरा निघाला. शाळा वर्षभरात सुटली, नाव कागदावर राहिलं. म्हटलं, कशाला कळतंय त्याला?

मजकूर संपल्यावर त्यानं विचारलं, “भाऊसायेब, ह्यो सोपान कोन?”

“आहे एक जण,” मी म्हणालो.

“बिचारा,” ज्ञानू म्हणाला आणि निघाला.

पहिल्या जागेवर, मारुतीच्या देवळापाशी, दवंडी बिनचूक झाली. “आयका हो आयका! तमाम ग्रामस्थांना कळविण्यात येते की, मौजे उंबरमाळ येथील श्री. सोपान गणपत यांच्याकरिता कायदेशीर पालक नेमणेबाबत त्यांच्या भगिनीचा अर्ज प्राप्त झाला असून, त्याबाबत कोणाची हरकत असल्यास त्यांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता ग्रामपंचायतीत समक्ष हजर राहावे!”

दुसऱ्या जागेवर जाईबाई भेटली. तिनं एवढ्यातलं एकच ऐकलं. “पालक व्हय? बी वाटनारेत का जुड्या? मागल्या टायमाला मेथीचं बी दिलं, एक उगावलं न्हाई.” ज्ञानू म्हणाला ते त्याला ठाऊक नाही, त्याला एवढंच सांगितलंय.

चौथी जागा धनाजीच्या दुकानासमोर. धनाजी आमचा उपसरपंच. गावात शहाणपणा वाटत होते तेव्हा हा दोनदा रांगेत उभा राहिला असं त्याला स्वतःला वाटतं. दवंडी ऐकून तो मांड्या बडवून हसला. “आरं येड्या, सोपान म्हंजी तूच! स्वतःच्याच नावानं वरडत फिरतोयस! तुला न्यायला येनारेत शिवऱ्याला!”

लोक सांगतात, ज्ञानू बराच वेळ परातीकडं बघत उभा राहिला. मग पाचव्या जागेवर गेला, परात वाजवली आणि सगळा मजकूर ‘समक्ष हजर राहावे’पर्यंत जसाच्या तसा म्हटला. नंतर थांबला. सात वर्षांत त्यानं स्वतःच्या पदरचा एक शब्द कधी घातला नव्हता. तो घातला.

“ज्ञानूची हरकत हाय!”

उरलेल्या सहाही जागांवर घातला. मी ऑफिसात बसून ऐकत होतो. शेवटची जागा ऑफिससमोरच आहे. तिथं तो माझ्याकडं बघून ओरडला. मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं.

सोमवारी सुलक्षणा मॅडम दुपारी बाराला उतरल्या, कारण एस.टी.ला अकराची दवंडी ऐकू गेलेली नव्हती. बारीक अंगाच्या, खांद्याला झोळी, पंधरा वर्षं मतिमंदांच्या शाळेत शिकवलेलं. तोवर सगळं गाव ऑफिसपुढं जमलं होतं. जाईबाई पुढं, मांडीवर पिशवी घडी करून. बनाबाई शिवऱ्याहून आलेली, भावासाठी डब्यात वडे घेऊन. ज्ञानू धुवट सदरा घालून, परात छातीशी धरून.

“कुणाची हरकत आहे?” मॅडमनी विचारलं.

“माजी,” ज्ञानू म्हणाला.

“माजी बी हाय,” जाईबाई म्हणाली. “पालक नगं, गवार द्या.”

तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. पालक म्हणजे ज्ञानूची राखण करणारं माणूस, हे कळल्यावर ती भडकली. “त्याची राखन? आवो, आमच्या भाताची राखन त्यो करतो! डुकरं त्याच्या आवाजाला भिऊन वरंध्यापल्याड गेली!”

धनाजी उठला. “मॅडम, ह्यांचं आयकू नगा. ज्ञानूला काय कळत न्हाई. ह्यो टेप हाय टेप. भराल ते वाजतं.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. “दवंडीचं रजिस्टर बघू.”

मी दिलं. त्यांनी पानं चाळली आणि एका जागी बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, “‘वरील मजकूर समजावून घेऊन गावात दवंडी दिली.’ खाली अंगठा. हा कुणाचा?”

“ज्ञानूचा,” मी म्हणालो. त्या पुढं काय बोलणार ते मला त्यांच्याआधी दिसलं.

“सगळ्या पानांवर यांचाच आहे. म्हणजे यांना काही कळत नसेल, तर समजावून घेतलं हे खोटं. दवंडी खोटी. मग ग्रामसभाही बेकायदा. सात वर्षांत किती झाल्या?”

“अठ्ठावीस,” मी म्हणालो.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “धनाजीच्या दारापातूरचा शिमिटाचा रस्ता त्यातच मंजूर झालाय न्हवं?”

धनाजी उभ्या उभ्या रंग बदलला. “न्हाई म्हंजी, तसं कळतं त्याला. लई कळतं. आमच्यापरीस जास्त कळतं. म्या आपलं बोलायची रीत म्हून बोललो.” आणि तो खाली बसला. गाव हसलं, मीही हसलो. जरा लवकरच हसलो.

मॅडम ज्ञानूसमोर सतरंजीवर मांडी घालून बसल्या. “ज्ञानूभाऊ, तुमची हरकत कशाला?”

“जायाला.”

“बहीण नको तुम्हाला?”

“आक्का पायजे. शिवरं नगं.” तो शब्द शोधायला थांबला. “तितं गाड्या लई. म्या वरडलो तर माजं मलाच आयकू येत न्हाई. तितं कुनी म्हनत न्हाई, ज्ञानू काय रं सांगतोयस. आक्का म्हनती, गप, गिऱ्हाईक बसलंय.”

बनाबाईनं पदर तोंडाला लावला.

“हे बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं?” मॅडमनी विचारलं.

“कुनी न्हाई,” ज्ञानू म्हणाला. “म्हून तर वाकडंतिकडं येतंय. दुसऱ्याचं असलं की सरळ येतं.”

मॅडमचं पेन थांबलं. मला वाटलं, झालं, निकाल लागला. पण बनाबाई उठली. भावावर माया करणारं माणूस एवढ्या सहजी हटत नाही.

“मॅडम, बोलतोय चांगलं. बोलू द्या. पर भादव्यात दोन दिस तापानं फनफनत पडला व्हता. परात उशाला. येक टोला हानला असता तर गाव धावलं असतं. का न्हाई हानला? इचारा त्याला. ह्याचं उत्तर द्या मला, मग ठिवते हितं.” तिचा आवाज फुटला. “आई ग्येली. आता ह्यो बी असाच भिताडाकडं त्वांड करून ग्येला तर म्या कुनाला त्वांड दावू?”

मॅडम हळूच म्हणाल्या, “ज्ञानूभाऊ, आजारी पडल्यावर ओरडला का नाहीत?”

“भाऊसायेबांनी सांगितलं व्हतं.”

“काय सांगितलं होतं?”

ज्ञानू उभा राहिला. मान जरा तिरकी केली, जशी मी करतो. आणि त्याच्या तोंडातून माझा आवाज आला. माझा, तीन वर्षांपूर्वीचा, शहरी, चिडका, थुंकी उडवणारा.

“‘मी सांगितल्याशिवाय तोंडातून एक शब्द काढायचा नाही! कळलं? परातीला हात लावायचा नाही! जीव गेला तरी नाही!’”

आंब्यावर कावळे होते की नाही आठवत नाही. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. बनाबाई बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

तो शब्दाला जागला होता. जीव जायची वेळ आली तरी परात उशाला ठेवून, माझ्या परवानगीची वाट बघत पडला होता. आणि मी त्याचा अर्ज भरताना कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतं? ‘संकटसमयी मदत मागण्याची समज नाही.’ माझ्या अक्षरात.

मी खुर्चीवरून उठलो. साहेबासमोर उठायची सवय आहे, ज्ञानूसमोर पहिल्यांदा उठलो. “ज्ञानू,” मी म्हणालो, “माझं चुकलं. मी रागात बोललो होतो. आता तुला...” इथं माझा घसा दाटला, मी खाकरलो, चष्मा काढून पुसला. “आता तुला पाहिजे तेव्हा वाजव. दुखलं तर वाजव, भूक लागली तर वाजव. कुणाला विचारायचं नाही. मला तर नाहीच नाही.”

“लिहून घेऊ?” मॅडमनी विचारलं.

“घ्या,” मी म्हणालो.

त्यांनी त्यांचा अहवाल तिथंच मांडीवर लिहिला आणि वाचून दाखवला. राहायचं कुठं हे ज्ञानू स्वतः ठरवू शकतात, त्यासाठी पालकाची गरज दिसत नाही. बँक आणि सरकारी कागद यांपुरती बहिणीनं मदत करावी, तीही त्यांना विचारून. शेजाऱ्यांनी रोज एकदा डोकवावं. अखेरचा शब्द समितीचा, पण आपलं मत हे असं. ज्ञानूनं अंगठा उठवला. बनाबाईनं सही केली, कागदावर एक थेंब पडला तो पदरानं टिपला, आणि भावाला म्हणाली, “रोज वरडायचं. दुखलं तरी, न्हाई दुखलं तरी. जाईबाई, तुमी आयकायचं.”

“मला काय, शिवऱ्यातूनबी आयकू यील,” जाईबाई म्हणाली. तिची पिशवी रिकामीच राहिली म्हणून ती अजून माझ्यावर रुसलेली होती. पुढच्या आठवड्यात गवारीचं बी मी माझ्या पदरचं आणून दिलं.

साडेतीनच्या एस.टी.ला अजून वेळ होता. मॅडम चहा घेत होत्या, बनाबाई डब्यातले वडे वाटत होती. ज्ञानू कुठं दिसेना. तेवढ्यात देवळाकडून परात वाजली.

“आयका हो आयका! ज्ञानू, माझं चुकलं! मी रागात बोललो होतो! आता तुला...”

आणि तिथं तो थांबला. नेमका माझ्याएवढाच. मग खाकरला. मग पुन्हा थोडा थांबला, चष्मा पुसायला लागतो तेवढा. मग पुढं.

मी मनातल्या मनात जागा मोजल्या. देऊळ, जाईबाईचं आवार, शाळा, धनाजीचं दुकान. अकरा ठिकाणी माझा घसा दाटून आला. कुणी हसलं नाही. बीडीओ साहेब त्या दिवशी गावात नव्हते, आणि असते तरी मी त्याला थांबवलं नसतं.

अकराव्या जागेवर, ऑफिससमोर, मजकूर संपला. ज्ञानूनं श्वास घेतला, आम्हा सगळ्यांकडं पाहिलं, आणि त्याच आवाजात, स्वतःचं, जरा वाकडंतिकडं, पुढचं जोडलं.

“बनाआक्का, वडा माजा ठिव! आन् तू निघ आता, गाडी चुकंल! म्या हाय हितं!”